भांडण्यापुरते तरी बरे व्हा

मिस्त्रीच्या तोंडात दात जास्त की खिळे जास्त, असं कुणी विचारलं असतं तर खिळेच जिंकले असते. सोफ्याचं काम करणाऱ्यांची ही जुनी सवय. मूठभर बारीक खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक ओठावर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने टिपायचा आणि ठोकायचा. दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो. हवेवर चालणारी पिनांची बंदूक दुकानात आली, तरी जुन्या नक्षीदार खुर्च्यांना तो तोंडातलेच खिळे मारायचा. एखादं गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "मिस्त्री, गिळलात म्हणजे?" तर तो खिळे गालात सरकवून म्हणायचा, "गिळला की माणूस आठवडाभर ताठ बसतो. बायकोला विचारा."

बायकोला सगळे मिस्त्रीण म्हणत. ती खोळी शिवायची. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे दोन खोल्या, आणि फोमच्या तुकड्यांच्या ढिगात लोळून वाढलेली मुलगी. ढिगातून बाहेर आली की केसांत फोमचे कण, फ्रॉकला दोऱ्याची टोकं. म्हणून तिचं नावच चिंधी पडलं होतं. चिंधी त्या ढिगात झोपली की मिस्त्रीण मशीनचा वेग कमी करायची. शिवण रेंगाळली तरी चालेल, पोर दचकायला नको.

तर एकदा मिस्त्रीच्या खालच्या ओठावर आतल्या बाजूने एक फोड आला. गोल, कडक, काठ उचललेले. दुखत मात्र मुळीच नव्हता. मिस्त्रिणीने त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "खिळा लागला असेल."

"लागला असेल," तो म्हणाला.

पुढे ती हे वाक्य आठवून आठवून स्वतःचे केस उपटायची. त्याला सबब शोधावीसुद्धा लागली नव्हती. तिनेच ती बनवून, घडी घालून त्याच्या हातात दिली होती.

फोड आपोआप गेला. बऱ्याच दिवसांनी तळहातांवर तांबूस डाग आले, तळपायांवरही आले. आता फोम चिकटवायचं सोल्यूशन हातांनीच फासायचं म्हटल्यावर हातांचं दुसरं काय होणार? आणि जमिनीवर ते सांडणार, त्यात हा अनवाणी फिरणार. त्यांनी सोल्यूशनचा डबा बदलला. डाग गेले. "बघ," तो म्हणाला, "डबाच खराब होता." मग डोकं दुखायला लागलं, ते सोल्यूशनच्या वासाने. एका कानात शिट्टी वाजायला लागली, ती पिनांच्या बंदुकीच्या पंपाने. प्रत्येक दुखण्याची सबब दुकानातच कात्र्यांसारखी खिळ्याला टांगलेली होती. हात वर केला की मिळायची.

डॉक्टरला विचारायला काय हरकत होती, असं कुणीही म्हणेल. पण त्यांचा डॉक्टर म्हणजे सेंटरचा डॉक्टर, आणि सेंटरमध्ये त्या दोघांची एक अब्रू होती.

दोघांना एचआयव्ही होता, आणि सेंटर म्हणजे त्या आजाराच्या गोळ्या देणारं सरकारी केंद्र. चिंधी पोटात असताना तपासणीत कळलं. आणला होता त्याने, बाहेरगावच्या कामावरून. त्या वेळी मिस्त्रिणीने जे भांडण काढलं ते आळीला अजून आठवत असेल. उशा फेकल्या, गादी फाडली, जेवण बंद, बोलणं बंद, मग पुन्हा बोलणं सुरू आणि ते बंदच होईना. मिस्त्रीत अवगुण पुष्कळ, पण एक गुण असा होता की तो भांडण सोडून उठत नसे. मांडी घालून समोर बसायचा. ऐकायचा. उत्तर असेल तर द्यायचा, नसेल तर "नाही उत्तर" म्हणायचा. शेवटी तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला होता, "पुन्हा वाकडं पाऊल पडणार नाही." भांडून भांडून तिचं मन मोकळं झालं, आणि मग तिने त्याला ताट वाढलं. त्यांचा संसार त्या भांडणावरच उभा होता. पाया म्हणा हवं तर.

औषधं वेळेवर सुरू झाली, चिंधी निरोगी जन्मली, दोघांच्या रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला. सेंटरमधल्या समुपदेशक बाई नव्या, रडवेल्या जोडप्यांना या दोघांसमोर आणून बसवायच्या. "यांच्याकडे बघा." मग मिस्त्री खुर्चीच्या बैठकीवर थाप मारून म्हणायचा, "आत स्प्रिंग शाबूत असली की वरचं कापड बदलता येतं हो." रडणारी माणसं हसायची. असं नाव झाल्यावर तिथे तोंड उघडून ओठावरचा फोड कसा दाखवणार? बाई विचारायच्या, "काही नवीन तक्रार?" दोघांच्या माना एकदम हलायच्या: नाही. त्याची मान हलताना नजर फरशीवर असायची. मिस्त्रिणीला वाटायचं, कौतुकाने लाजतोय.

मग तो बिघडायला लागला, आणि सुरुवातीला तेही गमतीचंच वाटलं. मखमलीला लव असते; जोडीच्या खुर्च्यांना ती एकाच दिशेने लागते, हे शिकाऊ पोरालाही कळतं. त्याने एका खुर्चीला वर, एकीला खाली लावली आणि म्हणाला, "दोघींचं पटत नाही, म्हणून पाठ फिरवून बसल्यात." ती हसली. रात्रभर उसवून तिने ती नीट केली. मग तो भेटेल त्याला सांगू लागला की शहरातल्या सगळ्या नाटकगृहांच्या खुर्च्या आपल्याकडे येणार आहेत, मी मालकांना आज्ञा दिली आहे. आज्ञा! ज्याने आयुष्यात शिकाऊ पोरालासुद्धा "जरा घे रे राजा" म्हटलं, तो आज्ञा देत सुटला. जीभ जड झाली. हातोडी धरताना बोटं थरथरायची. आंघोळीला जा म्हटलं की चिडायचा, आणि चिडला की घाण शिव्या द्यायचा.

एके दिवशी तो चिंधीला शाळेतून आणायला गेला आणि नुसतं दप्तर घेऊन आला.

"चिंधी कुठेय?"

"हे काय, आणलं ना," तो दप्तर वर धरून म्हणाला. चेहरा असा, की शाबासकी द्या.

मिस्त्रीण पायात चप्पल न घालता धावली. चिंधी फाटकापाशी पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसली होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "बाबा म्हणाले, तू थांब, आधी हिला सोडून येतो."

त्याच आठवड्यात नणंद राहायला आली. मिस्त्रीची थोरली बहीण, अंगाने दणकट, जिभेने त्याहून दणकट. तिला दोघांच्या आजाराचं ठाऊक होतं, आणि ती त्यांच्याच ताटात जेवायची. त्यामुळे तिला काहीही बोलायचा हक्क होता.

"बाटली लागली असेल याला," ती म्हणाली.

"वास येत नाही हो ताई."

"मग बाई लागली असेल."

"ताई, भाऊ आहे तो तुमचा."

"म्हणून तर सांगते. परक्या बाईच्या नवऱ्याबद्दल बोलते का मी कधी?"

मिस्त्रिणीने मान खाली घालून दोरा ओवला. सेंटरमध्ये त्याच्या गोळ्या मध्यंतरी बदलल्या होत्या. त्या सुरुवातीला डोक्यात चढतात, असं तिने कुठेसं ऐकलं होतं. तिने तीच सबब धरून ठेवली. शेवटची टांगलेली कात्री.

तीही निसटली. एका गिऱ्हाइकाकडे नुसतं माप घ्यायला गेलेल्या मिस्त्रीने त्यांचा चांगला, कोरा सोफा चाकूने या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडला. आत कुणीतरी गुदमरतंय, म्हणाला. घरचे ओरडले तेव्हा तो त्यांनाच समजावत होता, "थांबा, काढतो ना, काढतो." आणि तसाच आडवा होऊन त्याला झटका आला.

इस्पितळातली डॉक्टरीण वयाने लहान होती. तिने त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पुन्हा मारली, आणि तिचा चेहरा बदलला. उजेडाने डोळ्यांतल्या बाहुल्या आकसायला हव्या होत्या, त्या तशाच राहिल्या. मग रक्त घेतलं. डोक्याचा फोटो काढला. मग त्याला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं. तो विव्हळला तेव्हा मिस्त्रिणीने त्याचं डोकं धरलं होतं, चिंधीला लस टोचताना धरायची तसंच.

डॉक्टरिणीने तिला बाजूच्या खोलीत बसवलं. नणंदही आत घुसली.

"सिफिलिस आहे," डॉक्टरीण म्हणाली. "मेंदूपर्यंत गेलाय. एचआयव्ही असलेल्या माणसात हा जंतू मेंदूत, डोळ्यांत, कानांत लवकर शिरतो असं आम्ही बघतो. मागे कधी ओठावर, तोंडात, किंवा खाली फोड आला होता का? न दुखणारा?"

मिस्त्रिणीचा हात स्वतःच्या ओठाकडे गेला. "खिळा," ती म्हणाली.

"काय?"

"खिळा लागला, असं म्हटलं आम्ही."

"तळहातांवर डाग?"

"सोल्यूशन."

डॉक्टरिणीने पुढचं विचारलंच नाही. कागद मिटून म्हणाली, "त्या वेळी कळलं असतं तर इंजेक्शनांवर भागलं असतं."

"हे पहिल्याच वेळचं असेल ना? एचआयव्हीबरोबरच आलेलं?" मिस्त्रिणीने विचारलं. तिच्या आवाजात इतकी आशा होती की नणंदेने तोंड फिरवलं.

"नाही. सेंटरच्या कागदात आहे, तेव्हा आणि नंतरही याची तपासणी केली होती. रक्त स्वच्छ होतं. हे त्यानंतरचं आहे."

म्हणजे पाऊल पुन्हा वाकडं पडलं होतं.

बाहेर नणंद बाकावर जाऊन बसली. मग म्हणाली, "जुनी माणसं याला गरमी म्हणायची. मेल्याला इतकी गरमी होती तर भट्टीवर कामाला जायचं होतं. मी तुझ्या जागी असते तर तोंडावर उशी दाबली असती."

"तुमच्या भावाने भरलेल्या उशा आहेत त्या," मिस्त्रीण म्हणाली. "दबत नाहीत."

दोघी हसल्या. आणि हसता हसता नणंद अशी हुंदके द्यायला लागली, की मिस्त्रिणीलाच तिची पाठ चोळावी लागली.

मिस्त्रिणीचं रक्तही तपासलं. तिच्यातही जंतू निघाला. पण तो अजून रक्तातच होता, डोक्यात शिरला नव्हता. कमरेत जाड सुईची इंजेक्शनं घेऊन ती लंगडत त्याच्या खाटेशी यायची. चिंधीचं रक्त स्वच्छ निघालं, त्या दिवशी तिने इस्पितळाच्या मोरीत तोंड धुतलं आणि धूतच राहिली.

मिस्त्रीला सलाइनमधून पेनिसिलिन सुरू झालं, अष्टौप्रहर. दोन आठवडे चालणार होतं. पहिल्याच दिवशी ताप चढला, अंग थडथड उडायला लागलं. डॉक्टरीण म्हणाली, जंतू मरताना असं होतं, घाबरू नका.

"मरतोय ना नक्की?"

"जंतू मरेल. त्याची मला खात्री आहे. पण त्याने जे खाल्लंय ते भरून येईल का, ते मी नाही सांगू शकत. काही जणांचं बरंचसं येतं. काही जणांचं नाही."

"मला बरंचसं नकोच," मिस्त्रीण म्हणाली. "भांडण्यापुरते तरी बरे करा."

डॉक्टरिणीला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. नणंदेला मात्र बरोबर कळलं. तिने भावजयीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

कारण तिला दुसरं काही नकोच होतं. माया, आधार, दुकान, सगळं नंतर. तो एकदा शुद्धीत यावा, मांडी घालून समोर बसावा, आणि तिने विचारावं: का? चिंधी डोळ्यांसमोर असताना का? मी हनुवटी धरून ओठ बघितला तेव्हा तुझी जीभ का नाही वळली? त्याने "नाही उत्तर" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते त्याने म्हणायला हवं होतं. ज्याने केलं त्याने. शिवताना ती भांडणाचं पहिलं वाक्य जुळवायची, मोडायची, पुन्हा जुळवायची. एकदा तर मशीनवर इतकं जोरात बोलली की ढिगातून चिंधी म्हणाली, "आई, मी काही नाही केलं."

तिने पोरीला उचलून घेतलं आणि तिच्या केसांतला फोम वेचत बसली. "नाही गं माझ्या राणी. तू कुठे काय केलंस."

एका सकाळी मिस्त्रीने डोळे उघडले, तिच्याकडे बघून स्वच्छ आवाजात विचारलं, "चिंधी जेवली?"

ती धावत बाहेर गेली, नणंदेला मिठी मारली, डॉक्टरिणीला ओढत आणलं. तिघी खाटेशी पोचल्या तेव्हा तो सलाइनच्या दांड्याला विचारत होता, "चिंधी जेवली?" मग झाडणाऱ्या बाईला विचारलं. मग भिंतीला.

तो घरी आला तेव्हा ताप नव्हता, झटके नव्हते, शिव्या नव्हत्या. वजन वाढलं. चेहऱ्यावर तुकतुकी आली. आळीतली माणसं म्हणायची, "वा, मिस्त्री ठणठणीत!" तो हात जोडून म्हणायचा, "आपली कृपा." कुणाची कृपा, ते त्याला ठाऊक नसायचं.

त्याला उसवता येत होतं. जुनी खुर्ची पुढे ठेवली की पकडीने एकेक खिळा उपटायचा, कापड सोलायचा, काथ्या मोकळा करायचा, आणि सांगाडा उरला की हात थांबायचे. वर काही चढवायचं असतं हे त्याच्यातून पुसून गेलं होतं. तो वाट बघायचा. मग दुसरी खुर्ची ठेवावी लागायची. ठोकायचं काम मिस्त्रीण शिकली. खिळे तोंडात न धरता वाटीत ठेवायची. वेळ लागायचा, लागू दे.

तिने थोडे दिवस दम धरला. मग विचारलं. आधी हळू, मग स्पष्ट.

"कुठे गेला होतात तुम्ही? कुणाकडे?"

तो मनापासून आठवायचा. एकदा म्हणाला, "स्टेशनजवळ. हिरव्या दाराचं घर." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "रेक्झिनवाल्याच्या गोदामात. तो पण होता." तिसऱ्या वेळी म्हणाला, "बोटीतून गेलो होतो." बोट त्याने जन्मात पाहिली नव्हती. प्रत्येक उत्तर तितकंच खरं, तितक्याच प्रामाणिक डोळ्यांनी. त्यातलं एखादं कदाचित खरं असेलही. हिरवं दार खरं असेल. पण कोणतं खरं, ते आता त्यालाही माहीत नव्हतं.

"माझं चुकलं," असं तो लगेच म्हणायचा. तिने सांगायचीही गरज नसे. पेला सांडला, माझं चुकलं. वीज गेली, माझं चुकलं. खुर्चीचा पाय हलला तर खुर्चीला म्हणायचा. ज्या दोन शब्दांसाठी तिने इस्पितळात दिवस मोजले होते, ते घरभर सांडलेले होते. पायाखाली येत होते.

काही महिन्यांनी पाठीतलं पाणी पुन्हा तपासलं. डॉक्टरीण कागद बघून खुलली. "रिपोर्ट फार छान आहे. आजार गेला म्हणायला हरकत नाही."

"मग रिपोर्ट घरी नेऊ का," मिस्त्रिणीने विचारलं, "आणि यांना इथे ठेवू?"

डॉक्टरिणीचा चेहरा पडला. मिस्त्रिणीला लगेच वाईट वाटलं. त्या पोरीने जीव तोडून केलं होतं. तिने तिचा हात दाबला आणि नवऱ्याच्या शर्टाचं चुकीचं लागलेलं बटण सोडवून नीट लावलं.

सेंटरमध्ये समुपदेशक बाई आता त्यांना कुणापुढे बसवत नव्हत्या. एकदा मिस्त्रीण आपणहून एका नव्या जोडप्याजवळ जाऊन म्हणाली, "कुठे काही उठलं, साधा फोड जरी, तरी इथे दाखवा. चांगलं दिसायच्या नादात राहू नका." त्या बायकोने मान हलवली. नवऱ्याने फरशीकडे बघितलं. ती नजर तिने ओळखली.

त्या दुपारी नणंद चिंधीला घेऊन बाहेर गेली होती. मिस्त्रीण मशीनवर होती. दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तिने सुई सोडून दिली, दोन्ही हात मांडीत घेतले आणि बसून राहिली. डोळ्यांतून पाणी कधी आलं, तिला कळलंही नाही.

मिस्त्रीने पकड खाली ठेवली. "काय झालं गं? कुणी काही बोललं का?"

"नवऱ्याने फसवलं."

"कुणाला?"

"मला."

तो सरकत सरकत जवळ आला. आणि मांडी घालून तिच्या समोर बसला. अगदी तसाच, पाठ ताठ, तळवे गुडघ्यांवर.

मग तिने सांगितलं, सगळं. बाहेरगावचं पहिलं, पायांवरचं डोकं, वाकडं पाऊल, ओठावरचा फोड, आपणच दिलेली सबब, कमरेतल्या सुया, फाटकापाशी राहिलेली पोर. मनात जुळवलेली सगळी वाक्यं तिने वापरली. आवाज चढला, तिने चढू दिला. त्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, एकदाही उठला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"का केलं असं?" ती शेवटी ओरडली. "सांग ना, का केलं?"

"हरामखोर," मिस्त्री म्हणाला. "असला कसला माणूस गं! आणि तू राहिलीस त्याच्याजवळ?"

"राहिले," ती म्हणाली.

"कशाला?"

"भांडायचं होतं त्याच्याशी."

"मग भांड की! घाबरतेस काय? बोलव त्याला. मी बसतो इथे, तुझ्या बाजूने." त्याने बाह्या वर सारल्या. दाराकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "कुठे असतो तो?"

मिस्त्रिणीने पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"नाही माहीत," ती म्हणाली.

"सापडला की हाक मार मला," तो म्हणाला. "विसरू नकोस."

"मारते."

त्याचं समाधान झालं. पण उठायला मात्र तयार होईना. ती हलेपर्यंत तो तिथेच बसून राहिला, दाराकडे तोंड करून, तिची राखण करत.